दादाचं शेवाळ

माझा मोठा भाऊ माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. बोलणाऱ्याला वाटतं, काय कान देऊन ऐकतोय! ऐकत वगैरे काही नसतो. वरचा सुळा वाकडा आहे, खालच्या दाढा गेल्यात, हिरडी फिकी आहे, असं त्याचं आतल्या आत चाललेलं असतं. कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा घेऊन पाठवतात आणि हा त्यावरून दात घडवतो. गल्लीत त्याला 'बत्तीशी' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, समोर म्हणायची कोणाची टाप नाही.

घराच्या मागच्या अरुंद खोलीत त्याचा कारखाना आहे. प्लास्टरची पोती, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी पावडरचे डबे, पॉलिशची मोटर. फळीवर ओळीने पांढरे जबडे मांडलेले. शेजारची लहान मुलं ते बघायला यायची आणि किंचाळत पळायची, तेव्हा दादा खूश व्हायचा. हात मात्र सोन्याचे आहेत त्याचे, हे मलाही कबूल करावं लागतं. दाताला असा रंग देतो की सख्ख्या बायकोलाही खोटा वाटू नये. "माझी कवळी परत येत नाही," हे त्याचं पालुपद. येत नव्हतीच. कोणी टोचते म्हणून घेऊन आलाच, तर दादा त्याच्याकडे असा बघायचा की त्या बिचाऱ्याला आपल्याच तोंडाची लाज वाटावी. पुढच्या वेळी तो टोचणारी कवळी खिशात ठेवून हिंडायचा, पण दादाच्या दारात यायचा नाही.

आता टाकीबद्दल. दादा-वहिनींना मूल झालं नाही. दोघांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, पण डॉक्टरांकडच्या फेऱ्या थांबल्या त्याच वर्षी हॉलमध्ये पाच फुटी काचेची टाकी आली. साधी गोड्या पाण्याची नव्हे, समुद्राच्या पाण्याची. समुद्र तिथून कुठल्याकुठे लांब. मग गाळलेल्या पाण्यात पोत्यातलं मीठ मोजून कालवायचं, पाणी ढवळत ठेवायचं, त्याचा खारेपणा तपासायचा, ऊबही बघायची. आत समुद्रातून आणलेले भोकाभोकांचे दगड, दगडांवर चिकटवलेली प्रवाळं, नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे आणि ताटलीसारखा चपटा एक पिवळा. दादा त्या माशांशी बोलायचा. वहिनी हॉस्पिटलच्या धुलाईत कामाला, दिवसभर वाफेत उभी राहून संध्याकाळी घरी यायची, तर हा तिला "आलीस?" एवढंसुद्धा विचारायचा नाही. पिवळ्याने दिवसभरात काय काय केलं ते मात्र तपशीलवार सांगायचा.

आईला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. 'पाणी', 'नको' असे दोन-चार शब्द तेवढे उरले. माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिला उचलून वर-खाली करणारी माणसं माझ्याकडे नाहीत. दादाचं घर तळमजल्यावर. त्यामुळे आई तिकडे गेली. तिची कॉट हॉलमध्ये टाकली, एका बाजूला रस्त्याकडची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला टाकी. वहिनीनेच ती जागा निवडली होती. जन्मभर शिलाई मशीनवर बसून लोकांचे कपडे शिवलेली बाई ती, तिला भिंतीकडे बघत पडायला लावणं म्हणजे जिवंतपणी गाडणंच होतं. खिडकीतून शाळेची मुलं दिसायची, भाजीवाल्याची गाडी दिसायची. रस्ता ओस पडला की ती तोंड वळवायची आणि मासे बघायची. त्या दोन काचांवर ती जगत होती. त्या जागेवरून तिला कोणी हलवू नये, एवढंच मला त्या घराकडून हवं होतं. बाकी कशाचीही मला अपेक्षा नव्हती.

आणि मासे तिला ओळखायला लागले. खरंच. ती डावा हात वर करायची आणि तिन्ही मासे पर हलवत तिच्या कोपऱ्यात गोळा व्हायचे. दादाला त्याचा कोण अभिमान! टाकी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हा खेळ दाखवायचा. "आई, हात कर," म्हणायचा. आई हात करायची, मासे धावायचे, पाहुणे टाळ्या वाजवायचे. "मुक्या जिवांना माया कळते," असं दादा म्हणायचा. हा माणूस मायेबद्दल बोलतोय हे ऐकून वहिनी स्वयंपाकघरात निघून जायची.

शेवाळ आलं ते त्यानंतर. आधी वाळूवर तपकिरी भुकटी दिसली. दादाने ती नळीने ओढून काढली. आठवड्याभरात दगडांवर हिरवे केस उगवले, बोटभर लांब, पाण्याच्या झोताबरोबर डुलणारे. दादाने दातांच्या कामाच्या टोकदार सळया आणि ब्रश घेतले, बाही दंडापर्यंत वर केली आणि एकेक दगड घासला. कवळी घासावी तसा घासला. चार दिवस टाकी लखलखली. मग केस दुप्पट जोमाने आले आणि त्यांच्यावर लालसर बुळबुळीत पापुद्रा पसरला. तो चिमटीत धरून ओढला की चामड्यासारखा अख्खा सोलून निघायचा आणि खालचं प्रवाळ मेलेलं, पांढरंफटक.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणल्या, शंखात राहणारे खेकडे आणले. खेकड्यांनी शेवाळ सोडून गोगलगाई खाल्ल्या. बाटल्यांतली औषधं ओतली. निम्मं पाणी काढून नवं भरलं. रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचा. पाणी जितकं गडद गुलाबी, तितकी टाकीत काहीतरी कुजत असल्याची खूण. आणि रोज ते गडदच. नळी उजेडाकडे धरून तो ज्या चेहऱ्याने उभा राहायचा, तो चेहरा आईच्या झटक्याच्या दिवशीही त्याने केला नव्हता.

"शेवाळाला दोनच गोष्टी लागतात," तो मला म्हणाला, "उजेड आणि खाणं."

"मग माणसासारखंच झालं की," मी म्हटलं.

त्याला विनोद कळत नाही. त्याने उजेडापासून सुरुवात केली. आईच्या खिडकीला आतून काळा कागद चिकटवला, कडेकडेने पट्टी लावून, एक फट राहू दिली नाही. मी रविवारी गेले तेव्हा भरदुपारी हॉलमध्ये दिवा लागलेला होता.

"दादा, अरे तिला रस्ता दिसायचा."

"ऊन थेट टाकीवर येतं. तिला मासे दिसतात ना?"

पुढच्या रविवारी मासेही दिसत नव्हते. टाकीवर काळी चादर टाकलेली होती, चहूबाजूंनी घट्ट खोचलेली. अंधारात ठेवलं की शेवाळ मरतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. आई दोन काळ्या चौकोनांच्या मधोमध पडली होती आणि छताकडे बघत होती. मी चादरीला हात घातला, तर दादा कारखान्यातून धावत आला. एवढा चपळ तो आईसाठी कधी झाला नाही. काही दिवसांनी चादर निघाली. शेवाळ थोडं पिवळं पडलं होतं, उजेड मिळताच ते पुन्हा हिरवंगार झालं.

उजेडाने भागलं नाही, तेव्हा दादा खाण्याकडे वळला. म्हणजे चोर शोधायला लागला. टाकीत जास्तीचं खाणं कोण टाकतं? माशांच्या खाण्याचा डबा कुलपात गेला. धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्याने असं काही विचारलं की ती काम सोडून गेली. वहिनीला विचारलं. मग माझी पाळी आली.

"गेल्या रविवारी तू टाकीत काय टाकलंस?"

"एक सुस्कारा टाकला. तेवढाच."

"मस्करी नको. पाण्यात काहीतरी पडतंय रोज."

"तुझी नजर पडतेय, दादा. दृष्ट लागली असेल."

तो दातओठ खात आत गेला. मोटर सुरू झाली आणि कोणाच्या तरी कवळीवर राग निघायला लागला.

या सगळ्या गोंधळात आई वाळत चालली होती. मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. पण जेवत तर होती! वहिनी सकाळी कामावर जाताना तिचं दुपारचं जेवण डाव्या हाताशी, स्टुलावर ठेवून जायची. दुधात भिजवलेला पाव, मऊ शिजवलेला भात, उकडलेली भाजी. दुपारी दादा बाहेर येऊन बघायचा तर ताटली साफ. संध्याकाळी वहिनी समोर बसून भरवायची, तेव्हा दोन घास घेऊन आई तोंड फिरवायची. "दुपारी भरपेट खाते ना," दादा म्हणायचा, "मग संध्याकाळी कुठून भूक असणार?"

अधूनमधून आई डाव्या हाताने कवळी काढून उशाशी ठेवायची. ती कवळी दादानेच बनवलेली, ती साठीची असताना, धडधाकट असताना. गल्लीत ती कवळी दाखवून त्याने गिऱ्हाइकं मिळवली होती. ती काढलेली दिसली की दादा धुवून पुन्हा तिच्या तोंडात बसवायचा आणि हनुवटी दाबून धरायचा. "दात नसले की तोंड बसकं दिसतं, आई. लोक येतात आपल्याकडे." आई तोंडाकडे बोट करायची. "सवय होईल," तो म्हणायचा. त्या तोंडात ती कवळी पंधरा वर्षं होती.

एका दुपारी त्याने मला फोन केला. आवाजात असा आनंद की वाटलं लॉटरी लागली.

"चोर सापडला. ये लवकर."

गेले. त्या दिवशी दादाने कारखान्यातली मोटर नुसतीच चालू ठेवली होती आणि स्वतः पडद्याआड उभा राहिला होता. आईने भिजलेला पाव उचलला. तोंडापाशी नेला, ओठाला लावला, थांबली. मग हात लांब करून टाकीच्या झाकणाला पाइपसाठी ठेवलेल्या फटीतून तो पाण्यात सोडला. मासे धावले. मग भात, मुठीमुठीने. मासे खातील तेवढं खायचे, उरलेलं दगडांच्या मागे जाऊन कुजायचं. ताटली रिकामी झाल्यावर तिने अंगावरच्या चादरीला हात पुसला. तिची दुपारची सगळी जेवणं त्या शेवाळाने खाल्ली होती.

मी पोचले तेव्हा तो कॉटच्या पायथ्याशी उभा राहून ओरडत होता. "मी रात्रंदिवस मरतोय आणि तू आतून सुरुंग लावतेस! माझी प्रवाळं मेली! कळतं का तुला?" आई त्याच्याकडे बघत होती. घाबरलेली होती आणि शरमलेली होती, चड्डीत झालेल्या पोरासारखी. माझा संताप अनावर झाला.

"दादा, ती जेवत नाहीये. एवढंही तुझ्या डोक्यात शिरत नाही? उपाशी आहे ती!"

"मग सांगायचं! टाकीत कशाला टाकायचं?"

"कशाने सांगणार?"

ती टाकीत का टाकत होती, ते मला तिच्याकडे बघताच कळलं. ताटली भरलेली दिसली की दादा ओरडायचा, रिकामी दिसली की खूश व्हायचा. आयुष्यभर तिने त्याला खूश ठेवलं होतं.

मी तिच्या कुशीशी बसले आणि कवळी काढली. सैल होती, हलक्या हाताने निघाली. आत बघवत नव्हतं. खालची हिरडी दोन्ही बाजूंनी सोललेली, लाल, मध्ये पांढरे खड्डे. जिभेच्या कडेलाही जखम. मी दादाला हाताला धरून ओढत आणलं आणि म्हटलं, बघ. लोकांची तोंडं बघतोस ना, ही बघ.

तो वाकला. खिशातला छोटा टॉर्च काढला, आरसा काढला. बराच वेळ बघितलं. त्या अवधीत त्याचा चेहरा निवळत गेला, राग गेला, कामाचा चेहरा आला. क्षणभर मला वाटलं, आता हा रडेल. तो सरळ झाला आणि टॉर्च विझवून म्हणाला,

"हिरड्या आटल्यात. कवळीचा दोष नाही."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. वहिनी कामावरून आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अहो, नवी कवळी कधी बनवताय?" तो म्हणाला, आधी टाकी मार्गी लागू दे. आणि त्याच संध्याकाळी त्याने आईची कॉट हलवली. स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्या मधे एक खोली आहे, प्लास्टरची जास्तीची पोती ठेवायची, तिथे नेली. खिडकी नाही. भिंतीपलीकडे मोटर, तिचा आवाज कॉटच्या लोखंडातून अंगात यायचा.

"तिला तिथेच राहू दे," मी अक्षरशः हात जोडले. "कवळी काढून टाकलीय आता. पातळ देऊ. आम्ही भरवू. ती फट बंद कर, काहीही कर, पण तिला हॉलमधून हलवू नकोस."

"तिथे ठेवली तर पुन्हा टाकेल."

"नाही टाकणार."

"तू ग्वाही देतेस? तू रविवारी येतेस, चहा पितेस आणि जातेस."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. वहिनी कॉटची दुसरी बाजू उचलायला तयार झाली नाही. तिने हात मागे बांधले. दादाने ती कॉट एकट्याने ओढत नेली, आईसकट, फरशीवर पाय खरवडत. जाताना आईने मान वळवून मागे बघितलं, टाकीकडे की खिडकीच्या काळ्या कागदाकडे, ते मला कळलं नाही.

शेवाळ गेलं. महिन्याभरात गेलं. रोजचं गुलाबी पाणी फिकं होत होत जवळजवळ रंगहीन झालं, हिरवे केस तुटून पडले, लाल पापुद्रा विरला. दादाने नवी प्रवाळं आणली. समुद्री टाक्या ठेवणारी त्याची मंडळी घर भरून आली आणि त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. कशामुळे झालं होतं, एकाने विचारलं. "जास्तीचं खाणं पडत होतं," दादा म्हणाला. कोणाचं, ते त्याने सांगितलं नाही. खिडकीवरचा कागदही काढून टाकला. रस्ता पुन्हा दिसायला लागला, बघायला कोणी नव्हतं.

मधल्या खोलीत आई माझ्या आणि वहिनीच्या हातचं खायची, थोडं थोडं. मी रविवारऐवजी एक दिवसाआड जायला लागले. जखमा भरल्या. दादा आत आला की मात्र ती ओठ मिटायची. घास तोंडात असला तरी चावणं थांबायचं. तो गेल्यावर पुन्हा सुरू. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग असेल. वहिनी म्हणाली, "नाही हो वन्सं. पहिल्या दिवसापासून असंच आहे."

मग डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर धरलं आणि आकडा दादाला ऐकवला. त्याला त्यांनी बाहेर नेऊन आणखीही काही ऐकवलं असावं, कारण तो परत आला तो पांढरा पडून. त्याच दुपारी त्याने कारखाना बंद ठेवला. तोंडाचा साचा घ्यायची पत्र्याची चमची आणली, रबरी वाटीत गुलाबी पावडर आणि पाणी घोटलं. ते मिश्रण दोन-तीन मिनिटांत घट्ट होतं, घाई करावी लागते. तो कॉटपाशी गुडघ्यावर बसला.

"आई, आ कर. नवी कवळी बनवतो. अजिबात टोचणार नाही."

आईने ओठ मिटले.

"आई, आ कर ना."

वाटीतलं मिश्रण घट्ट झालं. त्याने ते खरवडून टाकलं, आत जाऊन नवं घोटून आणलं. तेही आळलं. तिसऱ्यांदा आणलं ते घाईत अर्धं चादरीवर सांडलं. लोकांना तोंडं उघडायला लावणाऱ्या डॉक्टरांच्या जिवावर जगलेला हा माणूस, त्याला एवढीही अक्कल नव्हती की तोंड असं उघडत नाही.

"तुला हॉलमध्ये नेतो," तो म्हणाला. "आत्ता नेतो. खिडकी उघडी आहे. टाकीत काय टाकायचं ते टाक, सगळं टाक, मी काही बोलणार नाही. मासे वाट बघतात तुझी. नेऊ का?"

आईने त्याच्याकडे बघितलं. नीट, सावकाश बघितलं.

"नको," ती म्हणाली.

दादा माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच तो माझ्या तोंडाकडे न बघता डोळ्यांत बघत होता. "तू सांग ना तिला. तुझं ऐकेल."

माझं तिने ऐकलं असतं. मी सांगितलं नाही. वहिनी दारातून वळून स्वयंपाकघरात निघून गेली.

आई हिवाळा संपेपर्यंत जगली, त्याच खोलीत, दातांशिवाय. तिला बाहेर न्यायचं आम्ही दोघींनीही दोनदा बघितलं, पण हॉलमध्ये दादा असायचा, आणि तिने दोन्ही वेळा कॉटची कड धरून ठेवली. त्याच्या हातचं तिने शेवटपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. रोज संध्याकाळी तो कपात कोमट दूध घेऊन त्या दारापर्यंत यायचा, थोडा वेळ उभा राहायचा आणि कप वहिनीच्या हातात देऊन परत जायचा.